घर घेऊन गावाला!

लाँग वीकेंडला कुणी गोवा गाठतं, कुणी महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन बसतं. आम्ही मात्र चाकांवरचं एक अख्खं घर भाड्याने घेतलं आणि निघालो कोकणात, आत्याकडे. का? कारण जरा लाजवणारं आहे... पण सांगतेच!

नव्या वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं की ऑफिसात बसणारा कुठलाही सामान्य माणूस आधी काय करतो? लाल तारखा मोजतो. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी येतोय हा शोध आमच्या फ्लोअरवर लागला तो दिवाळीच्याही आधी. शनिवार, रविवार, सोमवार... सुट्टीचा अर्ज न टाकता तीन दिवस! लगेच ग्रुप तयार झाला, गोव्याचा व्हिला बघून झाला, मी माझ्या वाट्याचा अ‍ॅडव्हान्सही भरून टाकला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले, तर बाबा हॉलमध्ये फोनवर ओरडून बोलत होते. पलीकडे आत्या. ती ८२ वर्षांची, ऐकायला कमी येतं. त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या सोसायटीला कळेल अशा आवाजात. ती विचारत होती, ‘‘कधी येतोस रे बाळ?’’ आणि बाबा म्हणत होते, ‘‘बघू गं आक्का. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात.’’

मी चपलाही न काढता तशीच उभी राहिले. कारण मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे बाबांबरोबर मीच गेले होते. आणि डॉक्टर म्हणाले होते, ‘‘अहो, फिरा की जरा. घरात बसून काय करताय?’’

डॉक्टर नाही, तर मग कोण?

बाबा ७३ वर्षांचे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. फिजिओथेरपीने खूप फरक पडला, पण उजवा पाय अजून ओढत चालतात, हातात काठी लागते. आत्या त्यांची सख्खी मोठी बहीण. आजी लवकर गेली तेव्हा आत्याने शाळा सोडली आणि धाकट्या भावाला वाढवलं. लांज्याच्या पुढे, हायवे सोडून आत गेलेल्या एका वाडीत ती एकटी राहते. पुण्याला ये म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, ‘‘मला गाडी लागते.’’ बाबा शेवटचे तिच्याकडे गेले ते फेब्रुवारी २०२० मध्ये. मग लॉकडाऊन, मग झटका... बघता बघता सहा वर्षं झाली.

जेवताना विषय काढला तर बाबा म्हणाले, ‘‘आमटी वाढ.’’ आमच्याकडे याचा अर्थ ‘विषय बंद’. भांडी आवरताना मग आईने हळूच सांगितलं. बीपीच्या गोळ्यांनी बाबांना तासाला, कधी पाऊण तासाला बाथरूमला जावं लागतं. खाली बसता येत नाही, म्हणजे कमोडच हवा. २०२३ मध्ये साताऱ्याला एका लग्नाला जाताना हायवेवर ज्या पंपावर थांबले, तिथल्या टॉयलेटला कुलूप होतं. किल्ली आणायला पोरगा गेला तो गेलाच. व्हायचं ते झालं. नवे कपडे, बरोबर दोन नातेवाईक. लग्नाला न जाताच दोघं परत फिरले आणि त्या दिवसापासून बाबांनी कात्रजच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

‘‘हे आत्याला सांगितलंय?’’ मी विचारलं.

‘‘वेडी आहेस का? ते मलासुद्धा धड बोलले नाहीत,’’ आई म्हणाली.

विचार करा, दोन म्हाताऱ्या भावंडांच्या मध्ये ना घाट होता, ना सव्वातीनशे किलोमीटर. मध्ये होतं एक कुलूपबंद टॉयलेट.

आयडिया धाकट्याची!

माझा धाकटा भाऊ दिवसाला दोन तास रील्स बघतो यावरून घरात नेहमी बोलणी खातो. या वेळी त्याच रील्स कामाला आल्या. ‘‘ताई, प्रॉब्लेम टॉयलेटचाच आहे ना? मग टॉयलेटच बरोबर नेऊया!’’ असं म्हणून त्याने मला कॅम्पर व्हॅनचा व्हिडिओ दाखवला. आत बेड, ओटा, सिंक आणि कोपऱ्यात दार लावता येईल असं, कमोड असलेलं चिमुकलं बाथरूम.

आपल्याकडे हा प्रकार तसा नवा. महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं २०२१ मध्ये, त्याच वर्षी केरळनेही आणलं. तोवर मोठी गाडी आणि आत बेड म्हणजे एक तर अँब्युलन्स नाही तर हिरोची व्हॅनिटी व्हॅन, एवढंच आपल्याला माहीत. आता पुण्या-मुंबईत अशा गाड्या भाड्याने मिळतात, बहुतेक वेळा ड्रायव्हरसकट. आम्हाला पडलं दिवसाला ११ हजार, २५० किलोमीटरची मर्यादा. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. मी गोव्याच्या ग्रुपमधून लेफ्ट झाले. अ‍ॅडव्हान्स बुडाला. शिव्या पडल्या त्या वेगळ्याच.

बाबांना काय सांगितलं? खोटंच! ‘‘आम्हाला व्हॅनमधून फिरायची हौस आहे, तुम्ही दोघं नुसते चला.’’ बाबांनी गाडीचे फोटो पाहिले. बाथरूमच्या फोटोवर जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, ‘‘पोरांची हौस आहे तर जाऊ या.’’

चलो, निघालो!

शनिवारी पहाटे पाच वाजता गाडी सोसायटीच्या गेटवर आली. नऊ फूट उंच, पांढरीशुभ्र. वॉचमन सॅल्यूट ठोकायच्या बेतात होता. पहाटे फिरायला निघालेल्या एका काकूंनी आईला विचारलंच, ‘‘शूटिंग आहे का हो?’’

ड्रायव्हरकाकांनी निघण्याआधी आमचा क्लास घेतला. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे घरच्यासारखा नळ सोडून दात घासायचे नाहीत. दिवे, पंखा, मोबाइल चार्जिंग बॅटरीवर. एसी मात्र गाडी उभी असताना बाहेरून लाइट मिळाली तरच. गाडी चालू असताना कुणी आत उभं राहायचं नाही, बेल्ट लावून बसायचं. बाथरूमला जायचं तर आधी सांगायचं, गाडी बाजूला लागली की मगच उठायचं. आणि कमोडच्या खाली एक २० लिटरची पेटी असते. तिच्यात केमिकल टाकलेलं असतं, वास येत नाही. ती भरली की ओढून काढायची आणि संडासातच रिकामी करायची, शेतात किंवा ओढ्यात नाही. ‘‘हे काम कोण करणार?’’ काकांनी विचारलं. मी आणि आईने एकदमच धाकट्याकडे पाहिलं.

खंबाटकीच्या अलीकडे अपेक्षेप्रमाणे जाम. अर्ध्या पुण्याने त्याच पहाटे निघायचं ठरवलं होतं. इतर गाड्यांमधले लोक वैतागलेले, आणि बाबा? बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘जरा जाऊन येतो.’’ गाडी उभीच होती. काठी टेकत चार पावलं गेले, दार लागलं, दोन मिनिटांत परत आले. कुणी काही बोललं नाही. आईने खिडकीबाहेर बघत चष्मा पुसला. बास, एवढंच. पण त्यानंतरचे बाबा वेगळेच! साताऱ्याला कंदी पेढे घ्यायला लावले. कऱ्हाडला ‘‘प्रीतिसंगमावर जाऊ या का?’’ म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी प्रवासात चहा प्यायला, आणि तोही दोन वेळा.

कऱ्हाडला आम्ही हायवे सोडला आणि कोकरूडवरून मलकापूर गाठलं. उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे आमची ‘डुलत’ जाणारी गाडी. वेग विचारू नका! मोठी उंच गाडी हाणायची नसते, ७० च्या वर गेली की आतली भांडीच आरडाओरडा करतात. आंबा घाटात तर एका वळणावर कांद्याचा ड्रॉवर उघडला आणि दीड किलो कांदे ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोहोचले. कडी लावायला विसरलं कोण, यावर साखरपा येईपर्यंत वाद चालला. पुढे नाणीज, मग पालीला मुंबई-गोवा हायवे. तिथे डावीकडे वळून लांजा. अकरा वेळा थांबलो. साध्या कारने सात-आठ तासांत होणाऱ्या प्रवासाला अकरा तास लागले. पण त्या अकरा थांब्यांसाठीच तर गाडी घेतली होती!

वाट अडली फणसाखाली

तुम्ही कोकणातले असाल तर पुढचं ओळखलंच असेल. वाडीत जाणारा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि वर आंब्या-फणसाच्या फांद्या. नऊ फुटी गाडी जाणार कशी? मुख्य रस्त्यालगतच्या शाळेच्या पटांगणात परवानगी काढून गाडी लावली. तिथून आत्याचं घर खाली, साठ-सत्तर पायऱ्यांची दगडी पाखाडी उतरून. म्हणजे पुण्याहून निघून बाबा आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन अडकले.

पाच मिनिटांत पोरं जमली. ‘‘कोण हिरोईन आलीय?’’ धाकट्याने माझ्याकडे बोट दाखवलं, पोरांची साफ निराशा झाली. वाडीतल्या तरुणांनी मार्ग काढला, ‘‘काका, खुर्चीत बसा, चौघं उचलून नेतो.’’ इकडे आजारी माणसाला असंच नेतात. पण बाबा भडकले. ‘‘मी काय पालखीतला देव आहे? का मयत?’’ विषय बंद. आमटी वाढ.

तेवढ्यात पाखाडीच्या तोंडाशी आत्या दिसली. एका हातात काठी, दुसरा हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर. धापा टाकत आली, गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाबांच्या समोर उभी राहिली, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘वाळलास मेल्या.’’ बास. सहा वर्षांनंतरचा हा डायलॉग! मला वाटलं होतं रडारड होईल, मी टिश्यूसुद्धा काढून ठेवले होते.

मग आत्याने गाडी पाहिली. बेड दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला. बाथरूमचं दार उघडलं आणि थबकली. ‘‘संडास? आणि इथंच चूल?’’ मध्ये जेमतेम चार फूट. मी घाईघाईने केमिकल, पेटी, वास येत नाही वगैरे समजावलं. तिने ऐकून घेतलं, आणि चहाचा कप हातात घेतलाच नाही. ‘‘मी घरून करून आणते,’’ म्हणाली. खरंच आणला, किटलीत, पाखाडी चढून. रात्रीचं जेवणही खालूनच वर आलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटाची चटणी. तेवढं सोडलं तर झोपायला मात्र वरच थांबली. बाबांच्या समोरच्या बेडवर.

रात्री दीड वाजता

मी वरच्या बर्थवर होते. जानेवारीची थंडी, खिडकीतून मोहोराचा वास, एसीची गरजच नव्हती. मला झोप लागली असं समजून खाली दोघांच्या गप्पा चालू होत्या. आत्याशी कुजबुजता येत नाही, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग आत्या म्हणाली, ‘‘फणसाचा राग धरलास ना?’’

‘‘कसला फणस?’’

‘‘मागच्या दारचा. बाबांनी लावलेला.’’

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तो फणस मुळासकट आडवा झाला होता. घराची कौलंही उडाली होती. आत्याने फणसाचं लाकूड विकलं आणि त्या पैशातून छप्पर नीट करून घेतलं. भावाला विचारलं नाही. झाड आजोबांनी लावलेलं, म्हणजे दोघांचं. त्यानंतर बाबा आलेच नाहीत. दरवेळी नवं कारण. आत्याने हिशेब मांडला होता, बाळ रागावलाय. पाच वर्षं ती हेच मनात घेऊन बसली होती, आणि दर फोनला ‘कधी येतोस’ विचारताना खरं तर हेच विचारत होती.

खाली बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता बाबा म्हणणार ‘झोप आता’. पण अंधाराचा फायदा असेल, किंवा हाताशी असलेल्या त्या चिमुकल्या बाथरूमचा. बाबांनी सगळं सांगितलं. गोळ्या, साताऱ्याचा रस्ता, कुलूप, नवे कपडे. आत्याला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगितलं.

आत्या म्हणाली, ‘‘एवढंच? अरे, तुझी लंगोटं मी धुतलीत.’’

आणि मग दोघं हसायला लागली. ७३ आणि ८२ वर्षांची दोन माणसं, शाळेच्या पटांगणात, रात्री दीड वाजता. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही.

‘बोलवा पोरांना’

रविवारी सकाळी घावणे खाऊन झाल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, ‘‘बोलवा त्या पोरांना.’’ प्लास्टिकची खुर्ची आली, चौघांनी उचलली, आत्या पुढे रस्ता दाखवत. रस्ता सगळ्यांना माहीत होता, पण ते असो. मागच्या दारी फणसाच्या जागी खड्डा आहे आणि खड्ड्याच्या कडेला एक रोप. त्याच फणसाच्या आठळीचं. आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. बाबा त्याला हात लावून बराच वेळ उभे होते. दर तासाला खुर्ची वर न्यायची आणि परत आणायची, हे काही पोरांना परवडणारं नव्हतं. मग बादली, आडोसा आणि पडवीचा कोपरा असा जुगाड झाला. आता बाबांना त्याचीही लाज वाटली नाही. पण संध्याकाळी ते दमले आणि मुक्कामाला पुन्हा वर गाडीत.

आणि हो, ती पेटी! रविवारी दुपारी ती भरली. आत्याचा संडास पाखाडीच्या खाली. इंजिनीअरिंगची डिग्री आणि एमबीए असलेला माझा भाऊ, नाक दुसरीकडे करून, २० लिटरची पेटी दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरतोय आणि मागे वाडीतली पोरं मिरवणूक काढल्यासारखी चालली आहेत, हे दृश्य मी मोबाइलमध्ये शूट केलंय. त्याच्या लग्नात दाखवणार आहे.

सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, त्यामुळे गाडी पहाटेच बाजूला घ्यावी लागली. बाबा याच शाळेत शिकले. गुरुजींनी त्यांना पुढे खुर्ची दिली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली त्याची आठवण त्यांनी पोरांना सांगितली. पोरांचं लक्ष खाऊच्या पुड्यांवर होतं.

निघायची वेळ झाली. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा, सगळं गाडीत चढलं. ड्रायव्हरकाकांनी नारळ फोडला. आत्या पुन्हा आत येऊन बाबांच्या शेजारी बसली. मी ओट्यापाशी उगाच आवराआवर करत होते. मागून आवाज आला,

‘‘चहा टाक गं. आलं घाल जरा.’’

मी बाथरूमचं दार नीट लावलं आणि गॅस पेटवला.

परतीच्या वाटेवर मी आणि धाकट्याने हिशेब केला. तीन दिवसांचे सगळे मिळून ४४ हजारांच्या घरात गेले. आत्याच्या घरी कमोड बसवून, धरायला दांडा लावून, पडवीला लागून बाथरूम काढायला साधारण तेवढेच लागतील, असं वाडीतला गवंडी म्हणतो. ही अक्कल आधी का सुचली नाही? कारण आधी कुणी खरं सांगितलंच नव्हतं! काम मे महिन्यात सुरू करायचं ठरलंय. व्हॅनचं काय? आत्याने निघताना विचारलंच होतं, ‘‘पुढच्या खेपेस पण आणशील ना ती संडासाची गाडी?’’ आणू. रस्त्यातले अकरा थांबे तर राहणारच आहेत ना!

तुम्हीही कॅम्पर व्हॅन घेताय?

• गाडीची उंची आधी विचारा. गावाच्या रस्त्यावरच्या फांद्या, वायरी, कमानी यांची चौकशी फोनवर करून ठेवा.

• एसी बॅटरीवर चालतो का, हे स्पष्ट विचारा. मुक्कामाला १५ अँपिअरचा प्लग मिळाला तर काम सोपं होतं.

• रोजची किलोमीटरची मर्यादा, ड्रायव्हरची झोपायची सोय, डिझेल कुणाचं, हे सगळं लिहून घ्या.

• टॉयलेटची पेटी कुठे रिकामी करणार, ते निघण्याआधी ठरवा. आणि कोण करणार, तेही!

• ज्येष्ठांना नेत असाल तर पायरीची उंची, धरायचे दांडे आणि बाथरूमच्या दाराची रुंदी गाडी प्रत्यक्ष पाहून तपासा. फोटोवर जाऊ नका.

• घाटात शिरण्याआधी सगळ्या ड्रॉवरच्या कड्या लावा. कांद्यांचा अनुभव आहे.